पाय टेकतात का?

सेकंडहँड गाडी बघायला गेलात की मालक साधारण तीन प्रश्न विचारतो. बजेट किती, कॅश की लोन, आणि आधी काय चालवत होतात. मला मात्र एक चौथा प्रश्न हमखास येतो. आधी तो मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो (वेळ फारसा लागत नाही), मग गाडीकडे बघतो, आणि शक्य तितक्या सभ्य आवाजात विचारतो, "साहेब, पाय टेकतात का?"

मंडळी, माझी उंची पाच फूट तीन इंच. मीटरमध्ये सांगितलं तर एक पूर्णांक सहा, म्हणजे ऐकायला जरा बरं वाटतं. ऑफिसच्या खुर्चीत बसल्यावर सगळे सारखेच, त्यामुळे आठवडाभर काही बिघडत नाही. पण शनिवार-रविवार आला, की ताम्हिणी, वरंधा, मढे घाट असं काहीबाही डोक्यात घोळायला लागतं, आणि तिथे उंच गाड्यांवर उंच लोक दिसतात.

दोन वर्षांपूर्वी मीही एक तशीच उंच गाडी घेतली. नाव सांगत नाही, गाडीचा काहीच दोष नव्हता. सीटची उंची ८५५ मिमी, आणि माझ्या पायाची आतली लांबी ७४० मिमी. वजाबाकी दुसरीतल्या पोरालाही येते, मी तर इंजिनिअर. पण शोरूमसारखी चकचकीत गाडी, एकच मालक, नऊ हजार किलोमीटर... वजाबाकी कोण करतंय! चवड्यावर उभं राहून महिनाभर चालवली. मग एका रविवारी संध्याकाळी चांदणी चौकाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं, मी थांबलो, सवयीने उजवा पाय खाली सोडला, आणि रस्ता तिथे नव्हताच. म्हणजे होता, पण उताराने आणखी दोन इंच खाली गेलेला. वेग शून्य. शून्य वेगाने पडताना आपण पडतोय हे नीट कळतं, विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि तरीही काहीच करता येत नाही. घोट्याला हेअरलाइन फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. मागे बायको बसली होती. तिला खरचटलं सुद्धा नाही, पण दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, "अरे, गाडी चालवायची की दाखवायची, ते एकदा ठरव."

वाक्य लागलं, कारण खरं होतं. प्लॅस्टरच्या सहा आठवड्यांत ती गाडी विकली, आणि बसल्या बसल्या एक प्रश्न घेऊन वाचायला लागलो. या अ‍ॅडव्हेंचर बाइक्स मुळात इतक्या उंच का असतात? कोणी ठरवलं? आणि आमच्यासारख्यांचं काय? आजचा लेख त्या वाचनाचा.

पहिली गंमत म्हणजे, जगप्रवास आधी सुरू झाला आणि 'अ‍ॅडव्हेंचर बाइक' हा प्रकार नंतर आला. १९७३ मध्ये आन-फ्रान्स दोतव्हिल ही फ्रेंच पत्रकार बाई एकटी जगप्रवासाला निघाली, तेव्हा तिच्याकडे कावासाकीची १२५ सीसीची गाडी होती. हो, एकशे पंचवीस! त्याच वर्षी टेड सायमन लंडनहून निघाला तो ट्रायम्फची ५०० सीसी टायगर घेऊन. चार वर्षं फिरला, त्यात भारतही आला. १९८२ मध्ये एल्स्पेथ बिअर्ड ही आर्किटेक्चर शिकणारी मुलगी निघाली ती चक्क सेकंडहँड बीएमडब्ल्यूवर, १९७४ सालच्या आर ६०/६ वर. ती १९८४ मध्ये जग फिरून परत आली. आणि आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला तयार होणारी बुलेट घेऊन लोक किती वर्षं लडाखला जातायत, ते वेगळं सांगायला नकोच.

या सगळ्या रस्त्यावरच्या साध्या गाड्या. सीट खाली, सस्पेन्शन जेमतेम. खड्डा आला की दात वाजायचे, पण थांबलं की दोन्ही पाय जमिनीवर. तेव्हा कोणी या लोकांना "ही गाडी या कामाची नाही" असं सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल तरी त्यांनी ऐकलं नाही.

मग गाड्या उंच झाल्या कधी? याचं उत्तर सहारा वाळवंटात आहे.

१९७७ च्या आबिजान-नीस रॅलीत थिएरी साबीन नावाचा फ्रेंच मोटरसायकलस्वार लिबियाच्या वाळवंटात हरवला. मरता मरता वाचला. आपण अशा वेळी देवाला नारळ फोडून घरी बसू. हा पठ्ठ्या परत आला आणि म्हणाला, इथे रॅली भरवली पाहिजे! २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली पॅरिस-डकार निघाली. अंतर सुमारे दहा हजार किलोमीटर. १८२ गाड्या निघाल्या, त्यातल्या ७४ डकारला पोचल्या. मोटारी, ट्रक, दुचाक्या सगळं एकत्र, आणि सगळ्यांच्या पुढे पोचला सिरिल नव्हू, यामाहा एक्सटी ५०० वर. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, किक मारून चालू होणारी, १९७६ पासून बाजारात असलेली गाडी. पुढच्या वर्षीही तोच जिंकला.

आता जरा तांत्रिक बोलू, कारण उंचीचं सगळं रहस्य इथेच आहे. वाळवंटात ताशी शंभर-सव्वाशेने जाताना चाक अचानक खड्ड्यात जातं. ते आत-बाहेर जायला जागा हवी, तिला म्हणतात सस्पेन्शन ट्रॅव्हल. चाक पूर्ण वर दबलं तरी इंजिनचं पोट दगडावर आपटता कामा नये, म्हणून ग्राउंड क्लिअरन्स हवा. त्यावर इंजिन, त्यावर फ्रेम, त्यावर सीट. हा सगळा एकावर एक रचलेला मनोरा आहे. खालचा मजला वाढवलात की गच्ची वर जाणारच. सीट उंच असणं हा कुणाचा हट्ट नव्हता, तो वाळवंटातल्या वेगाचा हिशोब होता.

हा हिशोब रस्त्यावरच्या मोठ्या गाडीत पहिल्यांदा नीट बसवला तो बीएमडब्ल्यूने. १९८० मध्ये त्यांची आर ८० जी/एस आली. जी म्हणजे गेलेंडं, मोकळं रान. एस म्हणजे श्ट्रासं, रस्ता. ८०० सीसी (अगदी नेमकं हवं तर ७९७.५), ५० हॉर्सपॉवर, पुढे २०० आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल, पेट्रोलसकट वजन १८६ किलो. आणि सीट ८६० मिमी. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८१ मध्ये, ह्युबर ओरिओल याने बीएमडब्ल्यूवर डकार जिंकली. १९८३ ला पुन्हा तोच. झालं! अ‍ॅडव्हेंचर बाइक कशी दिसते, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. उंच, रुंद टाकी, आणि वर बसलेला उंचापुरा गोरा गडी.

आणि इथे आमचा हिरो येतो.

गॅस्टन राहिए. बेल्जियमचा. मोटोक्रॉसमध्ये १२५ सीसी गटाचा सलग तीन वर्षं, १९७५, ७६ आणि ७७ चा विश्वविजेता. उंची साडेपाच फुटांच्या आतच. असा माणूस बीएमडब्ल्यूने डकारच्या त्या धिप्पाड गाडीवर बसवला. बसवला म्हणणंही चूकच, कारण थांबलेल्या गाडीवर त्याला नीट बसताच यायचं नाही! भल्यामोठ्या टाकीत काठोकाठ पेट्रोल, आणि पाय जमिनीपासून अधांतरी. मग तो काय करायचा? गाडीच्या बाजूला उभा राहायचा, एक पाय फूटपेगवर, क्लच सोडून गाडी चालू लागली की दुसरा पाय वरून पलीकडे. आपले दूधवाले काका पूर्वी कॅन लावलेल्या सायकलवर चढायचे ना, अगदी तस्सं. जगातल्या सगळ्यात अवघड रॅलीच्या सुरुवातीला, कॅमेऱ्यांसमोर.

१९८४ ची डकार राहिएने जिंकली. दुसरा आला तो स्वतः ओरिओल, त्याच संघाचा. १९८५ ला राहिए पुन्हा जिंकला. मूर्ती लहान पण कीर्ती महान ही म्हण आपल्याकडे उंचीवरून चिडवलेल्या प्रत्येक पोराला सांत्वन म्हणून ऐकवतात, आणि त्या पोराला ती अजिबात आवडत नाही (अनुभवाचे बोल). पण राहिएचा फोटो बघितला आणि मला ती पहिल्यांदा पटली.

प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून मी यावर बराच विचार केला. राहिएने पाय टेकण्याचा प्रश्न सोडवला नव्हता. त्याने तो प्रश्नच वगळला होता. चालत्या गाडीवर उंचीला काही किंमत नसते, तिथे फक्त तोल आणि सराव. उंची लागते ती निघताना आणि थांबताना, म्हणजे दिवसभरातली काही मिनिटं. राहिएने त्या काही मिनिटांसाठी एक पद्धत बसवली आणि उरलेला दिवस सगळ्यांच्या पुढे राहिला. मी त्या काही मिनिटांचा विचारच केला नव्हता.

अर्थात इथे एक मोठा पण आहे. राहिएला सहारात चांदणी चौक लागत नव्हता. :) वाळवंटात दर दोनशे मीटरला ब्रेक मारून बाजूच्या रिक्षावाल्याशी नजरानजर करावी लागत नाही. त्याची पद्धत जशीच्या तशी उचलून पुण्यात चालणार नाही.

पण बाजाराने नेमकं उलटंच केलं. डकारची गाडी ऑफिसला जाणाऱ्यांना विकली. १९८३ मध्ये यामाहाने ३० लिटर टाकीची ६०० सीसी टेनेरे आणली, १९८८ मध्ये होंडाने आफ्रिका ट्विन. बीएमडब्ल्यूची १९९४ ची आर ११०० जीएस २४३ किलोची झाली, म्हणजे चौदा वर्षांत ५७ किलो वाढले. साधारण माझ्याएवढा एक माणूस मागे कायमचा बसवल्यासारखं. २००४ मध्ये इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन लंडनहून पूर्वेला न्यूयॉर्कपर्यंत गेले ते आर ११५० जीएस अ‍ॅडव्हेंचरवर, त्याची मालिका निघाली, आणि जगभरच्या आयटीवाल्यांना वाटायला लागलं की आपल्यालाही हेच पाहिजे. (मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू.) त्या मालिकेतली मला आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच. मंगोलियात सोबतच्या कॅमेरामनची बीएमडब्ल्यू जायबंदी झाली, तेव्हा त्याच्यासाठी तिथेच मिळाली ती रशियन बनावटीची साधी इझ प्लॅनेटा विकत घेतली, आणि तो त्या गाडीवर पुढे निघाला. गाडी स्वप्नातली नसली तरी रस्ता तोच असतो.

आता आपल्या अंगणात येऊ. भारतात सरासरी पुरुषाची उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास, बायकांची त्याहून दहाबारा सेंटीमीटरने कमी. म्हणजे इथे मी अपवाद नाही, बऱ्यापैकी गर्दीतला आहे. २०११ मध्ये हिरोने १५० सीसीची इम्पल्स आणली. चांगली, हलकी गाडी, पण सीट ८३६ मिमी आणि काळाच्या पुढे. फार टिकली नाही. मग २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, आणि तिच्यात कुणीतरी शहाण्याने वेगळा हिशोब मांडला होता. पुढचं चाक २१ इंची, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, आणि सीट फक्त ८०० मिमी! हे जमलं कसं? ताकद फारशी नाही (४११ सीसीतून साडेचोवीस हॉर्सपॉवर), म्हणजे वेग कमी, म्हणजे वाळवंटातल्या उड्यांसाठी लागणारी भरमसाट ट्रॅव्हल नको. मनोऱ्याचा एक मजला कमी केला की गच्ची खाली येते. डकार जिंकायची नसेल, स्पितीला पोचायचं असेल, तर हा सौदा अगदी योग्य.

बाकीचे मग हळूहळू त्या बाजूला आले. २०१९ च्या हिरो एक्सपल्स २०० ची सीट ८२३ मिमी, वजन दीडशे किलोच्या थोडं वर. आमच्या चाकणला तयार होणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० मध्ये आली ती ८५५ मिमीची. २०२३ मध्ये तिचीच ८३० मिमीची बुटकी आवृत्ती काढावी लागली. त्याच वर्षी ४११ ची हिमालयन जाऊन ४५२ सीसीची नवी आली, तिची सीट ८२५ ते ८४५ मिमी अशी बदलता येणारी, आणि आणखी खालची सीट वेगळी मिळते. मोठ्या कंपन्यांनी तर कमालच केली. हार्ले डेव्हिडसनच्या २०२१ च्या पॅन अमेरिकामध्ये थांबताना गाडी आपोआप खाली बसते. बीएमडब्ल्यूच्या २०२३ च्या आर १३०० जीएसमध्ये तशीच सोय मिळते, ८५० वरून ८२०. राहिए हे बघायला नाही, २००५ मध्ये तो गेला. त्याने फूटपेगवर एक पाय ठेवून जे काम केलं, ते करायला यांना सेन्सर, कॉम्प्युटर आणि चाळीस वर्षं लागली.

असो. इतिहास पुरे, आता तो वापरायचा कसा ते सांगतो, कारण मी तो वापरूनच दुसरी गाडी घेतली.

पहिली गोष्ट, स्वतःची उंची सांगू नका, पाय मोजा. भिंतीला पाठ लावून उभं राहा, एक जाडसर पुस्तक दोन पायांत वर घट्ट धरा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तेवढा आकडा तुमचा खरा. बुटाचे दोनेक सेंटीमीटर त्यात मिळवा.

दुसरी, ब्रोशरमधली सीटची उंची अर्धंच सांगते. सीट पुढे किती रुंद आहे, त्यावर पाय सरळ खाली जाणार की फाकणार ते ठरतं. ८२० ची अरुंद सीट ८०० च्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटू शकते. म्हणून बसून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

तिसरी, आपल्या वजनाने सस्पेन्शन थोडं दबतं. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाखाली गाडी चांगली खाली बसते, माझ्या अठ्ठावन्न किलोंना ती जुमानत नाही. म्हणजे पाय आखूड तो आखूड आणि वर गाडीही उंचच. मागच्या शॉकचा प्रीलोड आधीच्या मालकाने घट्ट करून ठेवलाय का ते बघा. तो सैल करून पुन्हा बसा, मग ठरवा.

चौथी आणि सेकंडहँडमध्ये सगळ्यात महत्त्वाची. आधीचा मालक आपल्यासारखाच असेल तर त्याने गाडी 'लोअर' केलेली असू शकते. मागे लिंक बदलली आणि पुढचे फोर्क तेवढेच वर सरकवले नाहीत, तर गाडीचा कल बदलतो, वळताना ती जड वाटते. साइड स्टँड कापला नसेल तर गाडी स्टँडवर नको तितकी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेसुद्धा पडू शकते. वर ग्राउंड क्लिअरन्स गेला तो वेगळाच. सीटचा फोम तासून घेणं त्यापेक्षा निरुपद्रवी, फक्त तीनशे किलोमीटरनंतर बसायची जागा तक्रार करते. आणि उंच गाडी शून्य वेगाने पडलेली असतेच असं धरून चाला. लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, इंजिन गार्डची आतली वेल्डिंग बघा. हँडल सोडून सरळ चालवता येते का ते बघा. आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हिमालयन बघत असाल तर साल नीट बघा. सुरुवातीच्या कार्ब्युरेटरच्या, २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन, २०१८ मध्ये एबीएस, आणि २०२० च्या बीएस सहामध्ये मागचा एबीएस बंद करायची सोय.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पाय पाहून अंथरूण घ्यायचं, एवढाच काय तो फरक.

मी घेतली २०१९ ची हिमालयन, कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून. मालकाने चौथा प्रश्न विचारला. मी बसलो, एक पाऊल पूर्ण टेकलं, दुसऱ्याचा चवडा. म्हटलं, "एक टेकतो. दुसरा टेकवायला मी जागा बघून थांबतो." त्याला उत्तर कळलं असेल असं वाटत नाही, पण दहा हजार कमी केले.

पुढचे चार रविवार सकाळी सहाला मी सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर फक्त थांबायचा सराव केला. निघायचं, वीस मीटर जायचं, थांबायचं. कंबर डावीकडे सरकवायची, डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. थांबायच्या दहा मीटर आधी रस्त्याचा उतार कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, आणि चढाच्या बाजूचा पाय टेकवायचा. वॉचमनला वाटलं, साहेब आता नव्याने गाडी शिकतायत. बरोबरच वाटलं त्याला.

पाचव्या रविवारी ताम्हिणीला निघालो. बायको म्हणाली, "मी येते." मी काही बोललो नाही, हेल्मेट पुढे केलं. परत येताना अंधार पडला होता आणि चांदणी चौकात नेहमीसारखं ट्रॅफिक. चढावर पुढची बस थांबली. मी दहा मीटर आधीच बघितलं, उतार उजवीकडे होता. कंबर सरकवली, डावा पाय टेकला, पूर्ण. गाडी हलली नाही.

मागून खांद्यावर एकदा थाप पडली. दिवा हिरवा झाला आणि आम्ही घरी आलो.